शालू, शटरला काहीच झालं नव्हतं

शालू, तुझ्या कॅमेऱ्याचं शटर चांगलं आहे. काल दुपारी साहूभैयाचा फोन आला. मी तात्यापाऱ्यातल्या आपल्या कामाच्या खोलीत कम्प्युटरपुढे बसले होते. काम काही करत नव्हते, नुसत्या फाइली उघडत होते आणि बंद करत होते. कॅमेरा दुरुस्तीला मीच टाकला होता, नवीन शटर बसवायला सांगून.

"कुंदा दीदी, पूरा खोल के देखा," तो म्हणाला. "शटर तो एकदम बढ़िया चल रहा है. इसको काहे बदलवा रहे हो?"

"तुम बदल दो ना, भैया."

"अरे, अच्छी चीज़ निकाल के क्यों फेंकना? शालिनी दीदी को भी मैंने यही बोला था."

"कब बोला था?"

"दिवाली के पहले. खुद ले के आई थीं. मैंने सामने चला के दिखाया था उनको."

मी फोन ठेवला. उठले, पंखा बंद केला, परत लावला. जिना उतरून रस्त्यावर आले, आणि कशाला आले ते आठवेना म्हणून पुन्हा वर गेले. कालपासून हेच चाललं आहे. एका जागी बूड टेकत नाही. मला तुझ्याशी कडाकडा भांडायचं आहे आणि समोर तुझी रिकामी खुर्ची आहे. तुला जाऊन महिना होत नाही तोवर तू मला हे नवीन देऊन बसलीस.

दिवाळीच्या आधी तू काय सांगितलं होतंस ते मला चांगलं आठवतं. याच खुर्चीवर बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होतीस. "साहूभैयाले दाखवलं. तो म्हणे शटर थकलं, पण एवढा सीझन निघते." इतक्या सहज म्हणालीस की संशयाला जागाच नव्हती. उलट मीच तुला झापलं, की आधी काहून नाही नेला. बिचारा साहूभैया! त्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलंस आणि मी ते सगळा सीझन खरं मानून चालले.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी रेल्वे कॉलनीतल्या विहारात नागपूरहून आलेल्या तुझ्या कुणा नातेवाईक बाईंनी मला विचारलं, "तुम्ही शालूच्या कोण?" मैत्रीण म्हटलं तर फार थोडं झालं असतं, बहीण म्हटलं तर पुढचे चार प्रश्न आले असते. मी म्हटलं, "मी तिचा लाइट धरायची." बाईंना काही समजलं नाही. तुला समजलं असतं.

खरं तर एवढंच होतं. तू फोटो काढायचीस, मी लाइट धरायची, आणि मग घरी येऊन कम्प्युटरवर फोटो निवडून अल्बम लावायची. हळद, मेंदी, डोहाळजेवण. बूढापाऱ्यातल्या जुन्या घरांमध्ये बायकांच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर नको असायचा, तिथे आपल्याला बोलावणं यायचं. तू फोटोवाली दीदी, मी लाइटवाली दीदी. माझी मुलं शिकायला बाहेर गेली, घर खायला उठलं होतं, मी दिवसभर खिडकीत बसून कुढत होते. तेव्हा तू एकदा भाजीची पिशवी हातात घेऊनच दारात आलीस आणि म्हणालीस, "कुंदे, उद्या हळद आहे. लाइट धरतेस का?" मला लाइटमधलं ओ की ठो येत नव्हतं. तू म्हणालीस, "हात दुखेपर्यंत उभी राहा, बस. बाकी मी पाह्यते." मला त्या खिडकीतून उठवलंस ते तू, शालू. हे तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू टिंगलच केली असतीस.

आणि काय काय शिकवलंस! तुमच्याकडच्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, मागे पांढरा मंडप, पाहुणे पांढऱ्या कपड्यांत. एवढा पांढरा रंग दिसला की कॅमेरा घाबरतो आणि सगळं राखाडी करून टाकतो. बाकीचे फोटोवाले तसंच राखाडी घरी पाठवायचे. तू अडून बसायचीस. पांढरं पांढरंच दिसलं पाहिजे आणि नवरीचा चेहराही सावळाच दिसला पाहिजे, गोरा करायचा नाही. मी अल्बम करताना कधी एखादीचा रंग जरा उजळला, तर तू माझ्या हातातून माऊस काढून घ्यायचीस.

आपलं भांडण मात्र शटरवरून. लोकांना हे सांगितलं तर हसतील. कॅमेऱ्याच्या पोटात पातळ पात्यांचा एक पडदा असतो, बटण दाबलं की क्षणभर उघडतो आणि मिटतो. प्रत्येक फोटोला एकदा. तो पडदा किती वेळा उघडेल याचा अंदाज कंपनी देते, आणि आपल्या कॅमेऱ्यानं तो अंदाज केव्हाच मागे टाकला होता. कम्प्युटरला जोडून मी आकडा काढून दाखवला, त्या दिवसापासून तू तो कॅमेरा तळहातावरच्या फोडासारखा जपायला लागलीस. कुणी म्हटलं, "दीदी, एक मेरी भी ले लो," की तू ओठ मिटून हसायचीस आणि दाबायची नाहीस. मला म्हणायचीस, "फुकट दाबाले हे काय बटण आहे लिफ्टचं?"

मी म्हणायची, अंदाज म्हणजे पत्रिका नव्हे. काही शटर त्याच्या आधीच जातात, काही दुप्पट चालतात. जोपर्यंत फोटो नीट येतोय तोपर्यंत आकड्याकडे पाहायचं नाही. पण एकदा गेलं, की मग जुन्या कॅमेऱ्यात नवीन शटर घालत बसायचं नाही, सरळ नवा कॅमेरा घ्यायचा. आज शटर बदललं, उद्या आतलं दुसरं काही बसलं, म्हणजे आधीचा खर्च पाण्यात. लग्नाच्या दिवशी मशीन बंद पडलं तर त्या पोरीची हळद काय आपण पुन्हा लावणार आहोत?

तुला हे पटायचं नाही. गोल बाजारात जाऊन कढईचा तुटलेला कान बसवून आणणारी बाई तू. "एक पडदा गेला म्हणून अख्खा कॅमेरा टाकाचा? मंग तुया गुडघा गेला तर तुले टाकून देऊ का?" भर रस्त्यात भांडलो आहोत आपण यावरून, स्कूटरवर, पुढे तू आणि मागे मी लाइटच्या पिशव्या सांभाळत. तू मान वळवून उत्तर द्यायला लागलीस की मी ओरडायची, समोर पाहा बाई. नवं विरुद्ध दुरुस्ती हा वाद कधी संपला नाही, आणि संपावा असं आपल्याला वाटतही नव्हतं बहुतेक.

म्हणूनच मागच्या उन्हाळ्यात फोटो हलायला लागले, तेव्हा तू "शटर" म्हणालीस आणि मी लगेच पदर खोचला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होतो ते आलं एकदाचं! मी कामाला लागले. कुठला नवा कॅमेरा, कुठली लेन्स त्याला चालेल, जुना कोण घेईल. तू मान डोलवत ऐकत होतीस. आता कळतंय, तुला सुटल्यासारखं वाटत असणार.

कारण हललेले फोटो मी रोज पाहत होते, शालू. बूढापाऱ्यातल्या त्या हळदीचा एक फोटो अजून माझ्याकडे आहे. मामी नवरीच्या गालाला हळद लावते आहे. मामीचा हात हलला असता तर तो हात तेवढा पुसट झाला असता. पण त्या फोटोत नवरी हलली आहे, पाट हलला आहे, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हललं आहे. भिंत काही हळद लावायला उठली नव्हती.

आणि मग ती कानपिळी. नागपूरकडच्या मंडळींचं लग्न, तुळशीचं लग्न झाल्याबरोबरचा मुहूर्त. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, एवढासा विधी, पापणी लवेपर्यंत होऊन जातो. तू कॅमेरा खाली घेतलास, मागच्या स्क्रीनवर पाहिलंस, आणि म्हणालीस, "भाऊ, पुन्हा एकदा पिळा ना." पोरगा खूश. त्यानं जरा जोरातच पिळला. तू पुन्हा पाहिलंस. "अजून एकदा, भाऊ." नवरदेव कळवळला, "दीदी, कान उखड़ जाएगा!" सगळा मंडप हसत होता. भटजींनी पळी खाली आपटली, "बाई, विधी आहे का तालीम?" नवरदेवाचा कान लाल झाला होता. मी पण हसत होते, पण लाजही वाटत होती. तुला आजवर कधी कुणाला पुन्हा करायला सांगावं लागलं नव्हतं.

घरी येऊन पाहिलं, तर तिन्ही हललेले. आपलं शेवटचं मोठं भांडण ते.

मी म्हटलं, "हे पाय. शटर गेलं की फोटोच्या कडेले काळी पट्टी येते. नाहीतर अर्धा फोटो अंधारा येते. मशीन बंद पडते. हे तसं नाही. हे नुसतं हललं आहे."

"तुले लय समजते."

"समजते म्हणूनच सांगून राहिली. शटरनं फोटो असा हलत नाही, शालू."

तू कॅमेऱ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "आरसा असंन. आरसा वर जाताना धक्का मारत असंन."

झालं. प्रत्येक फोटोला लेन्समागचा छोटा आरसा वर उडतो; आरसा म्हणताच मी उठले, लेन्स काढली, टॉर्च लावला, आत पाहिलं, आरसा कुठे सैल आहे का, त्याखालचा स्पंज झिजला आहे का. तासभर मी तुला आरशावर व्याख्यान दिलं, आरसा घट्टच निघाला आणि मी पुन्हा साहूभैयाच्या शटरवर आले. तू हातांची घडी घालून बसली होतीस. आता ती घडी मला दिसते. हात काखेत दाबून धरले होतेस. त्या वेळी वाटलं, थंडी वाजत असेल.

तू मला ओळखून होतीस. या बाईपुढे मशीन टाकलं की हिला माणूस दिसत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. खेळणं टाकावं तसं तू माझ्यापुढे एकदा शटर टाकलंस, एकदा आरसा. मला राग येतो. आणि मग हसूही येतं, कारण हे तुलाच जमावं. मग पुन्हा राग येतो.

त्यानंतर तू फ्लॅश मारायला लागलीस. तू! जिला फ्लॅशचा एवढा तिटकारा, की चेहऱ्यावर चुना फासल्यासारखं वाटतं म्हणायचीस. फ्लॅशचा झगझगाट पापणीपेक्षा चटकन जातो, तेवढ्यात हात हलायला वेळच मिळत नाही, त्यामुळे फोटो स्वच्छ यायला लागले. मी मात्र कुरकुर करत राहिले, की सगळे पासपोर्टच्या फोटोसारखे दिसतात. मग तू स्टँड आणलास. हळदीच्या गर्दीत तिपाई! लहान पोरं अडखळून पडत होती, एका आजीचं लुगडं त्यात अडकलं. तू म्हणालीस, "शटरले आराम पाह्यजे." मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं.

मग ती सकाळ. तुझ्या पल्लवीचा फोन, "मौसी, मम्मी गिर गई." दवाखान्यात तू डोळे उघडलेच नाहीस. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यात गाठ आहे, बरीच आधीपासून असावी. त्यांनी आम्हाला दोघींना उभं करून विचारलं, "पहले कुछ दिखा था? हाथ काँपना, चीज़ें हाथ से छूटना?" पल्लवी म्हणाली, नहीं. मी पण म्हटलं, नहीं. अगदी छातीठोक. शालू, मी रोज तुझ्यासोबत असते, मला नसतं का कळलं?

तेव्हापासून पल्लवी येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते. "मम्मी को कुछ पता ही नहीं चला, आंटी. रात तक एकदम ठीक थी." भाऊजी गेल्यापासून घरात तुम्ही दोघीच. आता ती एकटी आणि हे वाक्य. त्याला धरून ती उभी आहे. कुणीही आलं, पाणी दिलं, की हे वाक्य. मी बाजूला बसून मान डोलवते. पुण्यानुमोदनाला तिनं किती जणांना ते ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा जरा शांत व्हायचा.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडून कॅमेरा मागून घेतला आणि साहूभैयाकडे टाकला. कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. तुला वाचवता आलं नाही, निदान तुझं शटर तरी बदलून देऊ, असं काहीतरी डोक्यात होतं. नवा कॅमेरा घ्या म्हणून डोकं खाणारी मी, तीच दुरुस्तीला धावले. म्हटलं, जा, जिंकलीस तू. आणि त्यातून हे निघालं.

शटर चांगलं आहे, हे दिवाळीच्या आधीच तुला कुणीतरी समोर चालवून दाखवलं होतं. म्हणजे हलत होता तो हात, हे तुला माहीत होतं. हात का हलतो हे माहीत होतं की नाही, ते आता कळायचं नाही. वय झालं म्हणून असेल, साखर वाढली असेल, असं मनाची समजूत घालून बसली होतीस? की कुठे दाखवलंही होतंस? घाबरली होतीस का? की पल्लवीला नागपूरची नोकरी लागायची होती, ती जाणार नाही म्हणून? की लग्नांचा शब्द दिला होता म्हणून? की फक्त एवढंच, की हात थरथरतो म्हटलं तर कॅमेरा मी घेईन आणि लाइट तुला धरावा लागेल? खरं सांगू, हे शेवटचं मला सगळ्यात खरं वाटतं, आणि ते सगळ्यात जास्त लागतं. मी घेतला नसता गं. स्टँडसारखी मीच उभी राहिले असते, माझ्या खांद्यावर टेकवून काढले असतेस. सांगायचं तरी होतंस.

आता प्रश्न असा आहे, की हे पल्लवीला सांगायचं का. सांगितलं तर तिचं ते एक वाक्य मी तिच्या हातातून काढून घेणार. नाही सांगितलं, तर तुझ्या खोट्याला मी पण हातभार लावला. सकाळपासून बूढा तालाबाच्या काठानं फेऱ्या मारून झाल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गप राह्य ना कुंदे. काहून पोरीच्या डोक्याले ताप?" पण तुझं ऐकायला मी आता बांधलेली नाही.

इथवर लिहिलं आणि उठले. बसवेना. साहूभैयाकडे जाऊन कॅमेरा घेतला आणि तडक पल्लवीकडे गेले. आता परत आले आहे, पुढचं लिहिते.

पल्लवी ऑफिसातून नुकतीच आली होती. पिशवीतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "बन गया, मौसी?"

मी म्हटलं, "बिघडलाच नव्हता, बेटा. शटर चांगलं आहे. तुया मम्मीले साहूभैयानं दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं."

फोटोवालीची पोरगी आहे ती. जन्मभर आपली भांडणं ऐकली आहेत तिनं. पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं कॅमेरा उचलून हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "फिर फोटो क्यों हिल रहे थे?" तिला उत्तर माहीत होतं, मला म्हणायला लावायचं होतं.

"हात हलत होता तिचा."

मग ती भडकली. शालू, तुझ्यासारखीच भडकते, आवाज न चढवता. "आप तो रोज़ फोटो देखती थीं. आपको नहीं दिखा?"

"नाही दिसलं. ती म्हणे शटर."

"और आप मान गईं?"

"हव."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बराच वेळ आली नाही, म्हणून मी उठून गेले. ती स्वयंपाकघरात फडताळ उघडून उभी होती. वरच्या कप्प्यात सगळे कप उलटे मांडून ठेवलेले, वापरात नसल्यासारखे. "इतने दिन से स्टील के गिलास में चाय देती थी," ती म्हणाली. "मैं बोली, कप कहाँ गए? तो बोली, इनकी डंडी ही ऐसी है, उंगली नहीं बैठती. कंपनी घटिया है." तिनं एक कप उचलून सुलटा ठेवला. "मैं तो घर में थी, मौसी. डॉक्टर ने पूछा तो मैंने बोला, नहीं."

मला शटर सांगितलंस आणि तिला कप. आम्हा दोघींना एकत्र बसवून कुणी विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडलं असतं. मी तिला जवळ घेतलं. दोघी फडताळापुढे उभ्या राहून रडलो. मी तुझ्यावर चिडून रडत होते, ती स्वतःवर. मी तिला सांगितलं, तिला लपवायचं होतं पोरी, तुझी आई एवढी हुशार होती की आपल्याला तिनं दिसूच दिलं नाही. त्यात तुझी चूक नाही. ती म्हणाली, "आपकी भी नहीं." हे ती मनापासून म्हणाली की नुसतं म्हणायचं म्हणून, मला कळलं नाही. पण म्हणाली.

ते वाक्य गेलं तिचं, शालू. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती काय सांगणार, मला माहीत नाही. तुला हे आवडलं नसतं. माझ्या नावानं शंख केला असतास. कर. पण तू ज्या वेळी काखेत हात दाबून बसलीस, तेव्हा तू एकटीच होतीस, आणि ते आम्हाला माहीत असायला पाहिजे होतं. उशिरा का होईना, आता माहीत आहे. तुझ्या घाबरण्यात आम्ही नव्हतो, आता तरी असू दे.

तिनं तोंड धुतलं. चहा टाकला. मी बाहेर येऊन बसले. निघावं म्हणून पिशवी उचलली तर ती समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मौसी, हाथ आगे करो."

"काहून?"

"करो ना. सीधे. दोनों."

मी हात पुढे केले. बोटं सरळ केली. तिनं खाली वाकून, डॉक्टर पाहतात तसं, नीट पाहिलं. हात थरथरत होते. मी पटकन म्हटलं, "रडून राहिली ना आताच. वरून सकाळपासून पोटात काही नाही."

तिनं माझे दोन्ही हात धरले आणि सोडले नाहीत. "मम्मी के पास भी रोज़ कुछ ना कुछ रहता था," ती म्हणाली. "कल छुट्टी ले रही हूँ. दस बजे आऊँगी, डॉक्टर के पास चलेंगे."

माझ्या तोंडावर आलं होतं, की बाई, मला काही झालेलं नाही. उद्या कशाला, पुढच्या आठवड्यात जाऊ. अल्बम द्यायचा आहे एकांचा. सगळं आलं होतं तोंडावर, शालू.

मी तिला म्हटलं, ये.